पहिल्या मिनिटाचे दहा गुण

बाळंतपणाची बातमी कानावर आली की घरातली जाणती बाई हमखास एक प्रश्न विचारते, बाळ लगेच रडलं का? वजन किती, रंग कसा, नाक कुणासारखं, हे सगळं नंतर. आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे आलेला हा प्रश्न. त्यामागे मोठं शास्त्र आहे आणि ते शास्त्र साध्या आकड्यात बसवणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. डॉ. व्हर्जिनिया ॲपगार. प्रसूतीनंतर मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डाच्या एखाद्या कोपऱ्यात ‘ॲपगार ८/१०, ९/१०’ असं लिहिलेलं असतं ना, ते याच बाईंचं नाव.

वस्तीत बाळंतिणींना भेटायला जाते तेव्हा ही कार्डं माझ्या हातात नेहमी येतात. तो आकडा कशाचा, हे बहुतेक आयांना ठाऊक नसतं. काहींना वाटतं, बाळाच्या हुशारीचे मार्क असतील. आणि आकडा कमी असला की घरातली कुजबुज सुरू होते, बाळंतिणीच्या डोळ्यांतलं पाणी खळत नाही. म्हणून मैत्रिणींनो, आज या बाईंची आणि त्यांच्या आकड्याची गोष्ट.

व्हर्जिनियाचा जन्म ७ जून १९०९ चा, न्यू जर्सी राज्यातल्या वेस्टफील्ड गावातला. तिघा भावंडांत ती शेंडेफळ. वडिलांची पोटापाण्याची नोकरी वेगळी, पण त्यांचा जीव रमायचा तो घराच्या तळघरात. तिथे ते दुर्बिणीतून दिसणाऱ्या ताऱ्यांची आणि बिनतारी यंत्रांची खटपट करत बसायचे. घरात सगळ्यांना संगीताचं वेड. लहानपणीच व्हर्जिनियाच्या हातात व्हायोलिन आलं. त्याच घरात आजारपणही मुक्कामाला होतं. एक भाऊ क्षयाने अकाली गेला, दुसरा कायम दुखणाईत. विज्ञान, संगीत आणि आजारपण असं तिन्ही पाहत वाढलेल्या या मुलीने डॉक्टर व्हायचं ठरवलं.

माउंट होलिओक या मुलींच्या कॉलेजात तिने प्राणिशास्त्र घेतलं. घरून पैसे फारसे येत नव्हते, त्यामुळे मिळेल ते काम करायचं. त्यातलं एक काम होतं प्रयोगशाळेसाठी मांजरं पकडून आणण्याचं! १९२९ मध्ये पदवी घेऊन ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. वर्गात नव्वद विद्यार्थी, त्यांत मुली जेमतेम नऊ. प्रवेश झाला आणि दुसऱ्याच महिन्यात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, बँका बुडत होत्या, पण हिने कर्ज काढून शिक्षण रेटलं. १९३३ मध्ये ती वर्गात चौथी आली.

व्हर्जिनियाबाईंना सर्जन व्हायचं होतं. हात कुशल, शिकण्याची तयारी मोठी. पण त्यांचे गुरू, तिथले नामवंत सर्जन डॉ. ॲलन व्हिपल यांनीच त्यांना त्या वाटेवरून वळवलं. मंदीच्या काळात बाई सर्जनकडे पेशंट येणार कोण, असा त्यांचा हिशेब. त्याऐवजी त्यांनी भुलीचं शास्त्र घ्यायला सुचवलं. त्या काळी भूल देणं हे वेगळं शास्त्रसुद्धा मानलं जात नव्हतं, बहुतेक ठिकाणी नर्सच ते काम करायच्या. दुसरी एखादी हिरमुसून बसली असती. व्हर्जिनियाबाई मात्र १९३७ मध्ये विस्कॉन्सिनला डॉ. राल्फ वॉटर्स यांच्याकडे भूल शिकायला गेल्या. तिथे बायकांच्या राहण्याची सोयच नव्हती. सहा महिन्यांत त्यांना तीनदा जागा बदलावी लागली.

१९३८ मध्ये परत येऊन त्यांनी कोलंबियाच्या रुग्णालयात भुलीच्या कामाची सूत्रं हाती घेतली. पुढची अकरा वर्षं त्यांनी ते काम उभं केलं, तरुण डॉक्टर तयार केले. १९४९ मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग झाला तेव्हा प्रमुखपद गेलं एका पुरुष सहकाऱ्याकडे. त्याच वर्षी व्हर्जिनियाबाई पूर्ण प्रोफेसर झाल्या. त्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्या पहिल्या स्त्री प्रोफेसर. पण खुर्ची मिळाली नाही ती नाहीच. मग त्या बाळंतपणाच्या खोलीतल्या भुलीकडे वळल्या. फारसं कुणी लक्ष देत नव्हतं, अशी ती जागा होती.

त्या काळच्या अमेरिकेत बाळंतिणीला सर्रास गुंगीची औषधं किंवा पूर्ण भूल दिली जायची. डॉक्टरांचं सगळं लक्ष आईकडे. बाळ बाहेर आलं की नर्सकडे सोपवायचं. एखादं बाळ निळं, मऊ पडलेलं, श्वास न घेणारं असेल, तर कित्येकदा ते जगणारच नाही असं समजून बाजूला ठेवलं जायचं. वर्षभरातले बालमृत्यू कमी होत चालले होते, पण जन्माच्या पहिल्याच दिवशी जाणारी बाळं काही कमी होत नव्हती. व्हर्जिनियाबाईंना हे खुपायचं. भूल देणारा डॉक्टर म्हणजे श्वासावर सतत लक्ष ठेवणारा माणूस. आईच्या डोक्याशी उभ्या राहून त्यांना जे दिसायचं, ते इतरांच्या नजरेतून निसटत होतं.

काय दिसायचं? ते समजून घ्यायला थोडं शास्त्र बघूया, कंटाळू नका.

आपल्या मेंदूचा मानेकडे उतरणारा जो देठ आहे, त्याला ब्रेनस्टेम म्हणतात. श्वास घे, सोड, हे आपण ठरवत नाही. झोपेतही ते चालू असतं, कारण हा देठ ते चालवतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की त्याला लगेच कळतं. ऑक्सिजन कमी झाल्याची खबर त्याला मानेतल्या रक्तवाहिन्यांजवळच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठींकडून मिळते. आपण उंच डोंगरावर गेलो की धाप लागते, ती याच देठाच्या हुकमाने.

पोटातल्या बाळाचं गणित निराळं. त्याला ऑक्सिजन वारेतून मिळतो, आणि तोही आपल्यापेक्षा बराच कमी. बाळ पोटात अधूनमधून श्वासासारखी हालचाल करतं, पण ऑक्सिजन कमी पडला तर देठ ती हालचालच थांबवतो. हवा नाहीच, तर छाती हलवून शक्ती का खर्च करायची? आणि जन्माला आल्याबरोबर हाच नियम उलटा करायचा असतो! नाळेचा पुरवठा तुटतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, अंगाला गार हवा लागते, कुणीतरी पुसतं, चोळतं. या सगळ्या धक्क्यांनी देठ जागा होतो आणि श्वासाची न थांबणारी लय सुरू होते. पहिलं रडणं म्हणजे ही लय सुरू झाल्याची वर्दी. आपल्या आज्या विचारायच्या ते हेच.

पण ही सवय नवी असते. नवजात बाळाला ऑक्सिजन कमी पडला तर ते एक-दोन मिनिटं जोरात श्वास घेतं आणि मग मोठ्या माणसासारखा जोर न टिकवता मंदावतं. फारच कमी पडला तर श्वास थांबतो, मग काही आचके येतात. आचके म्हणजे देठाचा शेवटचा प्रयत्न. पाहणाऱ्याला वाटतं, चला, श्वास सुरू झाला. तो श्वास नसतो, मदतीची हाक असते. त्यात आईला दिलेली भूल वारेतून बाळापर्यंत पोचली असेल, तर देठ आधीच पेंगुळलेला.

ऊब राखण्याचं कामही यातच गुंतलेलं आहे. नवजात बाळाला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही. त्याच्या पाठीत, खांद्यांच्या मधोमध तपकिरी चरबी असते, तीच त्याची शेगडी. थंडीची खबर मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला मिळते आणि शेगडी पेटवण्याचा हुकूम ब्रेनस्टेममधून खाली जातो. पण शेगडी पेटायला ऑक्सिजन लागतो. म्हणून ऑक्सिजन कमी पडला की शरीर शेगडी मंद करतं, अंगाचं तापमान उतरू देतं. हृदय आणि मेंदू जगवण्यासाठी केलेली ही काटकसर. उलट, बाळ ओलं आणि उघडं राहिलं तर ऊब आणायला जास्त ऑक्सिजन जळतो. गुदमरलेलं बाळ गार पडतं आणि गार पडलेलं बाळ आणखी गुदमरतं, असं हे दुष्टचक्र. व्हर्जिनियाबाईंच्याच वैद्यकीय केंद्रात डॉ. विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवून दिलं, की काचेच्या पेटीतलं तापमान थोडं वाढवलं तर अपुऱ्या दिवसांची जास्त बाळं वाचतात.

आता त्या आकड्याकडे येऊ. सांगतात की १९४९ मध्ये एके दिवशी रुग्णालयाच्या कँटीनमध्ये सकाळचा नाश्ता चालू असताना एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं, की नवजात बाळाची अवस्था झटकन कशी ठरवायची? व्हर्जिनियाबाईंनी हाताला लागलेल्या कागदावर पाच गोष्टी खरडल्या आणि उठून थेट प्रसूतिकक्षात जाऊन त्या करूनही पाहिल्या. त्या पाच गोष्टी अशा: हृदयाचे ठोके, श्वास, अंगातला ताठपणा, डिवचल्यावर तोंड वेडंवाकडं करणं, आणि रंग. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. एकूण दहा. जन्मानंतर बरोबर एका मिनिटाने मोजायचे. यंत्र नाही, तपासणी नाही, खर्च नाही. डोळे, कान आणि दोन बोटं एवढ्यावर काम.

नीट पाहिलं तर ही पाच लक्षणं म्हणजे आतल्या देठाची खबरबात आहे. मेंदू उघडून पाहता येत नाही, पण देठाच्या हाताखालची कामं बाहेरून दिसतात. ऑक्सिजन कमी पडत गेला की आधी रंग जातो, मग श्वास, मग ताठपणा, मग डिवचल्याची जाणीव, आणि सगळ्यात शेवटी हृदयाचे ठोके मंदावतात.

ही पद्धत त्यांनी १९५२ मध्ये डॉक्टरांच्या सभेत मांडली आणि १९५३ मध्ये ती छापून आली. पुढे डॉ. डंकन होलाडे आणि डॉ. स्टॅनली जेम्स यांच्या मदतीने त्यांनी बाळांच्या रक्तातला ऑक्सिजन आणि आम्लता मोजली आणि गुणांशी ताडून पाहिली. १९५८ पर्यंत पंधरा हजारांवर बाळांची नोंद जमली. गुण कमी, तिथे रक्तात ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त, हे सिद्ध झालं. पहिल्या मिनिटाबरोबर पाचव्या मिनिटालाही गुण द्यायची पद्धत रुळली. म्हणून तर कार्डावर दोन आकडे असतात. पहिला सांगतो बाळ कसं आलं, दुसरा सांगतो ते सावरलं का.

मला या बाईंचं सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं. सायक्लोप्रोपेन नावाचा एक भुलीचा वायू त्यांच्या खास आवडीचा होता. त्यावर त्यांचा हात बसलेला. पण त्यांच्याच आकड्यांनी दाखवलं, की आईला हा वायू दिला की बाळं जास्त मलूल जन्मतात. व्हर्जिनियाबाईंनी सबबी शोधल्या नाहीत. बाळंतपणात तो वायू वापरणं सोडून दिलं. आपल्याच हिशेबाने आपलीच आवड खोडून काढायला केवढं मन लागतं!

आणि या आकड्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. गुण लिहायचे म्हणजे कुणालातरी बाळाकडे पूर्ण मिनिटभर बघावंच लागणार. बघितलं की करावंसं वाटणार. दोन गुणांचं बाळ बाजूला ठेवता येईना. त्याला पुसा, तोंड-नाक साफ करा, श्वास द्या, आणि पाचव्या मिनिटाला त्याचे सात करून दाखवा, अशी जिद्दच डॉक्टर-नर्सेसमध्ये आली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जोसेफ बटरफील्ड यांनी ॲपगार या नावातल्या पाच इंग्रजी अक्षरांवर ही पाच लक्षणं बेतली. तेव्हापासून ते विद्यार्थ्यांच्या तोंडी इतकं बसलं, की हे एका बाईचं आडनाव आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर बायका थोडं निवांत होऊ म्हणतात. व्हर्जिनियाबाईंनी त्या वयात पुन्हा विद्यार्थिनी होऊन १९५९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. मग ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेत गेल्या. पोलिओविरुद्ध सुरू झालेली ही संस्था लस आल्यावर जन्मजात व्यंगांकडे वळली होती. त्या कामासाठी त्या गावोगाव फिरल्या, आईबापांशी बोलल्या. ज्या व्यंगांबद्दल घरात दबक्या आवाजात बोललं जायचं, त्याबद्दल त्या खुल्या सभेत सोप्या भाषेत सांगत. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली, हजारो बाळांना पोटातच इजा झाली. रुबेलाच्या लसीसाठी त्यांनी जोर लावला. १९७२ मध्ये जोन बेक यांच्याबरोबर त्यांनी आईबापांसाठी एक पुस्तकही लिहिलं.

बाई गंभीर चेहऱ्याच्या असतील असं वाटलं असेल, तर तसं अजिबात नव्हतं. भरभर बोलायच्या, भरधाव गाडी चालवायच्या, पोस्टाची तिकिटं जमवायच्या, मासे पकडायला जायच्या. वय वाढल्यावर विमान चालवायला शिकल्या. वाटेत कुणाचा श्वास अडकला तर हाताशी असावं म्हणून श्वास देण्याचं साहित्य जवळ बाळगून हिंडायच्या. लग्न केलं नाही, आईला शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवलं. कार्लीन हचिन्स या मैत्रिणीकडून त्या वाद्यं घडवायला शिकल्या. रुग्णालयातल्या टेलिफोन बूथमधली मेपल लाकडाची फळी व्हायोला करायला उत्तम आहे असं दोघींच्या लक्षात आलं. रीतसर मागून मिळेना, तेव्हा एका रात्री व्हर्जिनियाबाई पहाऱ्यावर उभ्या राहिल्या आणि मैत्रिणीने फळी काढून तिथे दुसरी बसवली! प्रोफेसरबाईंचा हा उद्योग वाचून मला फार हसू आलं.

७ ऑगस्ट १९७४ रोजी त्या गेल्या, ज्या वैद्यकीय केंद्रात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली तिथेच. १९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. तिकिटं जमवणाऱ्या बाईचं तिकीट!

त्यांचा विचार आपल्यापर्यंत कसा पोचतो, याचं एक मराठी मातीतलं उदाहरण सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाकडे पहिल्या मिनिटापासून नीट बघायचं, पुसून कोरडं करायचं, ऊब द्यायची, श्वास नसेल तर साध्या साधनाने श्वास द्यायचा, हे त्यांना शिकवलं. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले आणि १९९९ मध्ये ते काम ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलं. कमी शिकलेली बाईसुद्धा पाहायला शिकली तर मूल वाचवते, हे या दोन्ही गोष्टींचं सार.

आता त्या कार्डावरच्या आकड्याबद्दल, कारण खरी कळ तिथेच आहे. पहिल्या मिनिटाचा कमी आकडा म्हणजे बाळ पुढे मंद होणार, असं भविष्य नव्हे. अमेरिकेतल्या बालरोग आणि प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांनीही स्पष्ट बजावलं आहे, की नुसत्या या गुणांवरून बाळाच्या बुद्धीचा अंदाज बांधू नये. तीन-चारवर आलेली कितीतरी बाळं पाचव्या मिनिटाला छान सावरतात आणि पुढे अंगणभर धुडगूस घालतात. दहापैकी दहा तर फार थोड्यांना मिळतात, कारण सुरुवातीला बहुतेकांचे हातपाय निळसरच असतात. आणि मदत सुरू करायला डॉक्टर मिनिट संपायची वाट पाहत नाहीत, श्वास नसेल तर आधीच हात चालतात. पाचव्या मिनिटालाही आकडा कमीच राहिला, तर मात्र बाळाची नियमित तपासणी चुकवू नये. ते भीतीपोटी करायचं नाही, लक्ष ठेवण्यासाठी करायचं.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात बाळ येणार असेल तर काही गोष्टी आधीच बोलून ठेवा. बाळंतपण दवाखान्यातच, आणि तिथे बाळाला श्वास द्यायची सोय आहे ना, हे विचारून घ्या. बाळ आल्याबरोबर न्हाऊ घालायची घाई नको, जागतिक आरोग्य संघटना निदान चोवीस तास थांबायला सांगते. कोरड्या कपड्याने पुसून, डोक्याला टोपडं घालून त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं की आईच्या अंगाची ऊब मिळते. गार हातपाय, मंद श्वास, दूध न ओढणं असं काही दिसलं तर बाळसं धरेल हळूहळू म्हणून वाट बघू नका, डॉक्टर गाठा. आणि शेजारच्या एखाद्या सुनेच्या कार्डावर कमी आकडा दिसला, तर तिला बोल लावण्याआधी तो आकडा काय सांगतो हे तिच्या सासूबाईंना समजावून सांगा. आईला किती गुण, असं तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.